चिलेकोठ्याच्या दाराची कडी

नील आणि रेवा,

आता जे लिहिते आहे ते मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि त्यांच्यापासून मी एरवी साधी सर्दीसुद्धा लपवून ठेवली नव्हती. इतकी वर्षं गेली, आता कशाला, असं मलाही वाटतं. पण नील, तुझा फोटो आला, आणि आता मला गप्प बसता येत नाही.

तू लिहिलं आहेस की यंदा हरणाच्या मोसमात धनुष्यबाणाने शिकार करायची, म्हणून परवाना काढलास, आणि सरावासाठी फोमचं हरीण आणलंस. खाली गमतीत विचारलं आहेस, "आजी, इंदूआजीच्या डोळ्याच्या गोष्टीत पण कुणीतरी असाच सराव करत होतं ना? तेव्हा टार्गेट कसं निवडायचे?" फोटोत ते हरीण उभं आहे. त्याच्या मागे तुझी लाकडी शेड. आणि हरणाच्या बरोबर पाठीमागे शेडचं दार.

मी फोटो पालथा ठेवला. मग पुन्हा उलटून पाहिला. दार बंद दिसतं. पण दार बंद असणं आणि दाराला कडी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये काय मावतं ते मला माहीत आहे.

इंदूआजीची गोष्ट तुम्ही तिच्याच तोंडून ऐकली आहे. पुण्याला सुट्टीत आलात की तिला तेवढंच सांगायला लावायचात. ती कशी सांगते? "मेला माझाच चोंबडेपणा! कडी घातलेली होती बरं का, तरी फटीतून हात घालून काढली, मुंडकं बाहेर काढलं आणि बाणाला म्हटलं, ये रे बाबा!" मग काचेचा डोळा तसाच रोखून दुसरा मिटायची, आणि तुम्ही किंचाळत पळायचात. मी त्या वेळी कुठे असायची, आठवतं का? मी स्वयंपाकघरात असायची. चहाचं आधण ठेवायला. दर वेळी.

सगळं नीट, क्रमाने सांगते. क्रमाने सांगितलं की मला धीर येतो. हीच माझी सवय, आणि या गोष्टीत तिचाही वाटा आहे.

स्वातंत्र्यानंतरची चार-पाच वर्षं झाली असतील. माझे वडील, अप्पा, कस्टममध्ये होते. त्यांची बदली कलकत्त्याला झाली होती आणि ते रोज ट्रामने खिदिरपूरच्या गोदीवर जात. आम्ही भवानीपुरात एका बंगाली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. मालकीणबाई खाली. त्यांना आम्ही मासीमा म्हणायचो. आम्ही तिघं भावंडं. दादा सर्वांत मोठा, गोदीतल्याच एका कचेरीत नुकता लागलेला. मग मी, कॉलेजात जाणारी. आणि शेंडेफळ इंदू, तेव्हा दहा वर्षांची, कायम कुणाच्या तरी पायात पायात.

दादाच्या एका मित्राच्या मामाची चाईबासाकडे रानाला लागून जमीन होती. नाताळच्या सुट्टीत तिथे रानडुकराच्या शिकारीला जायचं ठरलं. बंदुकीचं नाव काढताच अप्पांनी ताट बाजूला सारलं. फाळणीआधीच्या दंगलीच्या दिवसांत आम्ही कलकत्त्यातच होतो; घरात हत्यार नको हा त्यांचा शब्द होता. तेव्हा मित्र म्हणाला, तिकडची माणसं धनुष्यबाणानेच डुक्कर मारतात, आपणही तसंच करू. बांबूचं धनुष्य आणि लोखंडी फाळांचे थोडे बाण त्याने आणून दिले. धनुष्य म्हणजे हत्यार की नाही यावर आईने अप्पांना कसं पटवलं कोण जाणे. पण त्यांनी अट घातली — सराव फक्त गच्चीवर, आणि इंदूने त्या वेळी वर पाय ठेवायचा नाही.

निशाण काय लावायचं हे माझ्याकडे आलं. कुणी दिलं नाही, मीच घेतलं. दादाला नेम धरायचा उत्साह, व्यवस्था करायची मी. तो मला हेडमास्तरीण म्हणायचा.

आधी आम्ही तागाच्या पोत्यात लाकडाचा भुसा भरला. गोदीत खोक्यांचा भुसा हवा तेवढा मिळायचा. पण बाण आत रुतला की निघेना. ओढताना फाळ आतच राहायचा. मग केळीचं खोड उभं केलं. बाण सुरेख घुसायचा, सुरेख निघायचा, पण खोडातून पाणी गळून गच्चीवर तपकिरी डाग पडले आणि चार दिवसांत ते कुजायला लागलं. मी लायब्ररीतून एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की शिकाऱ्याने वर्तुळावर सराव करू नये. डोळ्याला वर्तुळाची सवय लागते, आणि जनावराच्या अंगावर वर्तुळ नसतं. जनावराच्या आकाराचं निशाण हवं. मी हे दादाला भाषांतर करून ऐकवलं, जणू माझाच शोध होता.

आकार कुठून आणायचा? तो मला गंगेवर सापडला. दुर्गापूजा होऊन गेली होती. आपल्याकडे गणपती पाण्यात गेला की गेला, मागे काही उरत नाही. तिथे मूर्ती बांबू आणि पेंढ्याच्या सांगाड्यावर घडवतात. माती विरघळली की सांगाडे घाटाला येऊन लागतात, ओळीने, माणसं झोपावीत तसे. त्यात मला महिषासुराचा रेडा दिसला. लहानसा, पेंढ्याचा, मुंडकं तुटलेला — बरोबर रानडुकराएवढा. घाटावरच्या माणसाकडून मी तो मागून घेतला आणि हातरिक्षात घालून घरी आणला.

मासीमा दारातच होत्या. "ओ मा! ओ तो मायेर काठामो! ओटाके तीर मारबे?" देवीच्या सांगाड्याला बाण मारणार? मी काय उत्तर दिलं असेल? इंग्रजी शिकलेली मुलगी होते. म्हणाले, "मासीमा, मट्टी गया, देवी गया. बाकी तो घास है." त्या पदर डोक्यावर ओढून आत गेल्या.

आता जागा. इथे मला थांबावंसं वाटतं आहे, पण थांबत नाही.

पेंढ्यातून बाण आरपार जायचा. मागे विटांचा कठडा असला तर फाळ वाकायचा, आणि बाण मोजकेच होते. मागे लाकूड हवं होतं. गच्चीवर लाकूड एकच — जिना जिथे वर येतो त्या खोलीचं दार. त्या खोलीला तिथे चिलेकोठा म्हणतात. दाराचा खालचा भाग जाड सागवानी फळ्यांचा, वर हवेसाठी तिरप्या झिलमिल पट्ट्या. दादा कुरकुरला. "अगं, दार आहे ते. कुणी आलं वर तर?" मी म्हणाले, कोण येतंय? आणि कडी आहे की गच्चीच्या बाजूने. मी नियम केला: प्रत्येक बाणाआधी मी जाऊन कडी घातलेली पाहीन, बाजूला येईन आणि मोठ्याने म्हणेन, "कडी!" ते ऐकल्याशिवाय दादाने दोरी ओढायची नाही.

तर जागा मी निवडली. दादाने नाही. हे पहिलं.

झिलमिलीची एक पट्टी तुटलेली होती. इंदूचा हात बारीक. त्या फटीतून घालून ती आतून कडी काढू शकायची. आम्ही तिला एकदा असं करताना पकडलं होतं आणि आईने तिला धपाटाही घातला होता. हे लक्षात ठेवा. पुढे मी त्याचा उपयोग केला.

तो दिवस. निघायला दोन-तीन दिवस उरले असतील. थंडीत कलकत्त्याला संध्याकाळी घराघरांतून कोळशाच्या चुली पेटतात आणि धूर वर न जाता छपरांवरच बसून राहतो. उजेड लवकर मरतो. दादा टाकीजवळ पाठमोरा बसून दोरीला मेण लावत होता. रेड्याच्या खांद्यामागे काळीज जिथे असेल तिथे मी चुन्याचा ठिपका केला होता, पण पिवळ्या पेंढ्यावर पांढरा चुना त्या उजेडात दिसेना. तेवढ्यात इंदू चोरपावलांनी वर आली. तिला परत पाठवायला हवं होतं. मी पाठवलंही. पण कशी? तिच्या कानात म्हणाले, "मासीमांकडून आलत्याची बाटली घेऊन ये. पळत. दादाला कळू देऊ नकोस." आलता म्हणजे तिथल्या बायका पायांना लावतात तो लाल रंग. लाल ठिपका उठून दिसला असता.

ती गेली. दार मी लोटून घेतलं. कडी घातली नाही — तिला परत यायचं होतं ना.

मग दादा उठला. म्हणाला, "हेडमास्तरीण, आज तुलाही एक बाण देतो. आधी माझे दोन." मी कित्येक दिवस त्याच्या मागे लागले होते. हातात धनुष्य एकदा तरी येऊ दे म्हणून. आणि उजेड जात होता. त्याने बाण लावला, वळूनही न बघता विचारलं, "कडी?"

"कडी!" मी म्हणाले.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या क्षणी मी इंदूला विसरले. विसरणं कुणाच्याही हातून होतं, नाही का? पण मी विसरले नव्हते. हेच लिहायला इतके कागद खर्ची पडले. ती माझ्या मनात होती. मनात आलं — अजून खालीच असेल, मासीमा तिला नाडू, म्हणजे नारळाचे लाडू, देत बसल्या असतील, एक बाण होऊन जाईल. कडी घालायची म्हणजे पुन्हा गच्चीभर चालत जायचं, आणि ती आल्यावर पुन्हा काढायची. मला चालायचं नव्हतं. मला माझा बाण हवा होता.

दोरीचा आवाज झाला. आणि त्याच वेळी दार आत ओढलं गेलं.

किंकाळी आली नाही. आली असती तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. नुसता एक "आं?" — कुणी हाक मारल्यावर विचारतो तसा. मग ती पेंढ्याच्या बाजूला बसलेली दिसली, उंबऱ्यावर, दोन्ही हात लाल, फ्रॉक लाल, जिन्याच्या दोन पायऱ्यांवर लाल ओघळ. आलता किती आणि रक्त किती ते कळेना. आई वर आली आणि जिन्यातच मटकन बसली. मासीमांनी इंदूला उचललं. बाटली तिच्या मुठीत होती. फुटली नव्हती.

पेंढ्याने बाणाचा जोर खाल्ला म्हणून ती वाचली, असं डॉक्टर म्हणाले. डावा डोळा गेला. उजव्याचं सांगता येत नाही, म्हणाले, आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात अप्पांनी आधी दादाकडे पाहिलं. "दाराला निशाण लावतं का कुणी? गाढवा! कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" मी तिथेच उभी होते. कठड्याला धरलं होतं. दादाने माझ्याकडे बघितलं — एकदाच, आणि पटकन नजर काढून घेतली. "माझ्या," तो म्हणाला. "चुकलं माझं." मी काय केलं? काही नाही.

मग अप्पा माझ्याकडे वळले. "कडी?"

"घातली होती."

दोन शब्द. त्या वेळी मी फक्त घाबरले होते. पण घाबरलेल्या माणसाचं डोकं किती झरझर चालतं! एकदा घातली होती म्हटल्यावर ती निघाली कशी? मला ती तुटलेली पट्टी आठवली. दुसऱ्या दिवशी मी इंदूच्या खाटेशी एकटी बसले. तिला काही दिसत नव्हतं. हात लांबवून ती माझा पदर चाचपत होती. मी हळूच म्हणाले, "इंदू, तू फटीतून हात घातलास ना गं? कडी काढायला?"

ती म्हणाली, "घातला का मी?"

"घातलास. नाहीतर कशी उघडेल? घाबरू नकोस. अप्पा तुला रागावणार नाहीत, मी सांगेन त्यांना. आणि आलता तुलाच पायांना लावायचा होता ना?"

"हो," ती म्हणाली. मग, "ताई, तू सांगशील ना नक्की?" आणि माझा हात धरून झोपली.

दहा वर्षांच्या मुलीला, दोन्ही डोळे बांधलेले असताना, मी हे शिकवलं. तिच्याकडून उपकार मानून घेतले. दोन-चार दिवसांत ती स्वतःच सगळ्यांना सांगू लागली. त्यात ती तुटलेली पट्टी हाताला कशी बोचली तेही आलं. ते मी तिला सांगितलं नव्हतं.

मग सगळ्यांनी आपापला वाटा उचलला. आईने मासीमांच्या तोंडचं काठामो हा शब्द पकडला. देवीचा कोप झाला असं तिने ठरवलं आणि मरेपर्यंत अष्टमीला पाणीसुद्धा घेतलं नाही. आईला मी सांगू शकले असते ना, की देवीचा काही संबंध नाही? तेही मी देवीवर राहू दिलं. मासीमा मात्र, बघा, 'मी म्हटलं नव्हतं का' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी तो रेडा उचलून पुन्हा गंगेत सोडवला आणि इंदूसाठी रोज साबूदाण्याची खीर पाठवली. मला ती वाटी त्यांच्या हातून घ्यावी लागायची.

दादा शिकारीला गेला नाही. धनुष्याचे तुकडे करून त्याने ते न्हाणीच्या बंबात घातले. संध्याकाळी कचेरीतून येऊन तो इंदूला वाचून दाखवायचा. ती कंटाळली तरी वाचायचा. पुढच्या वर्षी त्याने आपण होऊन नागपूरची नोकरी धरली. कलकत्त्याला परत आला नाही. तुमच्या आईच्या बारशाला नागपूरहून पुण्याला आला होता तेव्हा मी त्याला स्टेशनवर सोडायला गेले. गाडी हलायच्या बेतात होती. खिडकीतून वाकून म्हणाला, "सुमे, एक विचारू? त्या दिवशी तू 'कडी' म्हणाली होतीस का गं? की मला नुसतं ऐकू आल्यासारखं वाटलं?"

कळलं तुम्हाला? इतकी वर्षं तो स्वतःच्या कानावरच शंका घेत होता. मी हो म्हटलं असतं तर तेवढी एक शंका फिटली असती. पण हो म्हटल्यावर तो आणखी काही विचारेल याची मला भीती वाटली.

"आता कशाला ते उकरतोस, दादा?" मी म्हणाले. गाडी सुटली. त्याने हात केला. पुढे तो वारला तेव्हाही मी नागपूरला उशिरा पोचले.

इंदूचं लग्न जमलं नाही. का ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. त्या काळात एका डोळ्याच्या मुलीला कोण करून घेणार होतं? ती शिकली, शाळेत शिकवलं, विद्यार्थ्यांची लाडकी झाली. हे मी माझ्या बाजूने लिहीत नाही. ते तिचं आहे.

एक गोष्ट मला कळत नाही, आणि तिचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटते. गोष्ट संपवताना इंदू नेहमी म्हणते, "बाटली मात्र फुटू दिली नाही हं मी!" आणि बोलताना ती माझ्याकडे बघते. की मलाच तसं वाटतं? आलता कुणी मागवला ते तिला आठवत असेल का? आठवत असेल, तर ती इतकी वर्षं कुणाला सांभाळत आली?

नील, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. निशाण जनावराच्या आकाराचं असावं, ते पुस्तक बरोबर होतं. पण त्याच्या मागे मातीचा उंच ढीग असावा, कुणी ज्यातून येऊ शकत नाही असा. दार नसावं. कडी असली तरी नसावं. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी ते हरीण तिथून हलव, मग बाकीचं पुन्हा वाच.

या पत्राची नक्कल मी आज सकाळी इंदूच्या पत्त्यावर टाकली. पेटीत पडताना आवाज झाला. आता ते परत घेता येणार नाही, म्हणूनच आधी तिला टाकलं, मग तुमचं पाकीट बंद करायला बसले. तिने फोन केला तर मी उचलीन.

दादा नाही. आई-अप्पा नाहीत, मासीमा नाहीत. भवानीपुरातलं ते घर पाडलं असं ऐकते, म्हणजे ते दारही नसणार. इंदू आहे. उजव्या डोळ्याने ती अजून सुईत दोरा ओवते.

— आजी